राज्यवृक्षाचा दर्जा मागण्याआधी झाड कशाने मरतंय ते बघा

प्रश्न असा आहे: "आमचं सिंधुदुर्गातलं छोटं निसर्गमंडळ आहे. महाराष्ट्राचा राज्यवृक्ष आंबा. आंब्याला जपायला कुणी सांगावं लागत नाही. त्याच्याऐवजी धोक्यात आलेलं एखादं देशी झाड राज्यवृक्ष करावं, असा अर्ज आम्ही देणार आहोत. नरक्या, सीता अशोक आणि रानजायफळ ही तीन नावं निघाली आहेत. दर्जा मिळाल्यावर झाड खरंच वाचतं का? तिघांपैकी कोणतं घ्यावं? आणि अर्ज कुणाकडे करायचा?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं त्यावर अवलंबून आहे. नुसत्या दर्जाने झाड वाचत नाही. पंचवीसेक वर्षं मी देशी झाडांची रोपवाटिका चालवतोय, गावोगावच्या लोक जैवविविधता नोंदवह्या, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची लोकांनीच केलेली नोंद, लिहायला बसलोय. या काळात मानचिन्हांच्या घोषणा बऱ्याच पाहिल्या. घोषणेच्या दिवशी फोटो येतो, शाळेत चित्रकला स्पर्धा होते, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकात एक ओळ वाढते. झाडाच्या बुंध्याशी जे चाललेलं असतं ते चालूच राहतं. तरीही तुम्ही अर्ज करू नका असं मी म्हणणार नाही. दर्जाचा उपयोग होतो, पण कुठे होतो आणि कुठे उलटतो, ते समजून घेऊन मागा.

'राज्यवृक्ष' म्हटल्याने आपल्याकडे कायद्याचं कसलंही संरक्षण चिकटत नाही. मालकीच्या जमिनीतलं झाड तोडायला परवानगी लागते ती महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ मुळे. त्याच्या अनुसूचीत साग, खैर, चंदन, हिरडा, मोह, चिंच, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, हळदू, तिवस, अंजन, बिजा आणि खारफुटी आहे. आंबाही आहे. आंबा तोडायला अर्ज करावा लागतो तो तो अनुसूचीत आहे म्हणून; तो राज्यवृक्ष आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. तुमच्या तिघांपैकी एकही नाव त्या यादीत नाही. म्हणजे परसातला फणस पाडायला तुम्हाला कागद लागतो आणि त्याच कुंपणातला नरक्या पाडायला या कायद्याखाली लागत नाही. हे वाचून तुमच्या मंडळातल्या कुणाला वाटलं की मग आधी अनुसूचीच्या मागे लागू, तर त्याचं म्हणणं ऐका.

आता राजस्थानचं उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण झाडाला मान देण्याची भारतातली सगळ्यात मोठी कहाणी तिथली आहे. खेजडी म्हणजे आपली शमी. आपल्याकडे सौंदड असंही म्हणतात. दसऱ्याला आपण पानं वाटतो आपट्याची, पण पांडवांनी शस्त्रं लपवली ती या शमीवर. जोधपूरजवळच्या खेजडली गावात १७३० साली महाराजा अभयसिंहाची माणसं नव्या बांधकामासाठी खेजड्या तोडायला आली. अमृतादेवी बिश्नोईने झाडाला मिठी मारली. तिच्यामागून बिश्नोई समाजाच्या एकूण ३६३ जणांनी जीव दिला. ज्या झाडाच्या मागे एवढं उभं आहे, त्याला १९८३ साली राजस्थानने राज्यवृक्ष केलं. तेलंगणानेही हेच झाड, 'जम्मी' या नावाने, राज्यवृक्ष म्हणून घेतलं. संयुक्त अरब अमिरातीचं राष्ट्रीय झाडही हेच, तिथे त्याला 'गाफ' म्हणतात. इतका मान आशियातल्या फार थोड्या झाडांना मिळाला असेल.

आणि झाडाचं काय झालं? मारवाडातल्या शेतांत खेजड्या उभ्या वाळत राहिल्या. जोधपूरच्या संशोधकांनी मुळं उकरून पाहिली तेव्हा मुळं पोखरणाऱ्या भुंग्याच्या अळ्या सापडल्या आणि त्यांच्या जोडीला गॅनोडर्मा ही बुरशी. त्याच्या मागे आणखी कारणं होती. कूपनलिकांनी भूजल खाली नेलेलं. ट्रॅक्टरच्या नांगराने बुंध्याजवळची मुळं जखमी केलेली, आणि त्याच नांगराने नवी रोपं बाळपणीच उलटवलेली. शिवाय चाऱ्यासाठी दरवर्षी सगळ्या फांद्या छाटायच्या, झाडाला दम घ्यायला वेळच नाही. यातल्या एकाही कारणाला 'राज्यवृक्ष' या शब्दाने काही फरक पडत नाही. अळीला शासन निर्णय वाचता येत नाही.

अलीकडच्या वर्षांत आणखी एक कारण आलं. बिकानेर, जैसलमेर भागात सौरऊर्जेचे मोठमोठे प्रकल्प उभे राहिले आणि त्यांच्या जागेतल्या खेजड्या गेल्या. लोक धरणं धरून बसले. या भांडणात एक आकडा वारंवार पुढे आला: राजस्थानच्या १९५५ च्या कुळकायद्यातला झाड तोडण्याचा दंड, १०० रुपये. राज्यवृक्ष घोषित करताना तो आकडा कुणी बदलला नाही. घोषणा आणि दंड हे दोन वेगळ्या खात्यांचे, वेगळ्या फायलींमधले विषय राहिले. तुमच्या अर्जाच्या बाबतीत मला हीच भीती वाटते.

त्याच १९८३ साली राजस्थानने रोहिड्याचं फूल राज्यपुष्प केलं. रोहिडा म्हणजे मारवाडचा सागवान. केशरी-पिवळ्या फुलांनी लगडलेलं हे झाड फाल्गुनात वाळवंटात असं दिसतं की गाडी थांबवावीच लागते. लाकूड कोरीव कामाला आणि फर्निचरला उत्तम, म्हणून तुटलं. वाढ हळू, म्हणून शेतकरी लावत नाही. आज आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ते संकटग्रस्त आहे. म्हणजे फुलाला मान मिळाला आणि खोड बाजारात गेलं. खेजडीबद्दल निदान बिश्नोई उभे राहतात. रोहिड्यासाठी बसलेलं एवढं मोठं धरणं मी ऐकलेलं नाही.

आता उलट बाजू. अमेरिकेतल्या हवाई बेटांचं उदाहरण तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचं आहे. तिथला राज्यवृक्ष १९५९ पासून कुकुई. हे झाड मूळचं तिथलं नव्हे. पॉलिनेशियन लोकांनी होड्यांतून येताना सोबत आणलेलं. खरं तिथलं, दुसरीकडे कुठेच न मिळणारं झाड म्हणजे ओहिया लेहुआ. लाव्हाच्या थंड झालेल्या काळ्या खडकावर सगळ्यात आधी रुजणाऱ्या झाडांपैकी एक. लाल पुंकेसरांचा गोंडा असलेलं फूल, आपल्या जांभळाच्याच कुळातलं. हवाईच्या देशी जंगलाचा सुमारे ८० टक्के भाग एकट्या ओहियाचा. २०१० च्या सुमारास तिथल्या बिग आयलंड या सगळ्यात मोठ्या बेटावर ही झाडं काही आठवड्यांत तपकिरी होऊन मरताना दिसू लागली. २०१४ मध्ये कारण कळलं, सेराटोसिस्टिस नावाची बुरशी. पुढे २०१८ मध्ये तिच्या दोन नव्या जातींना हवाईयन नावं दिली गेली. दहा लाखांहून जास्त झाडं गेली आहेत असं तिथले वनतज्ज्ञ सांगतात.

२०२२ मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायदा करून ओहिया लेहुआला राज्याचं अधिकृत प्रदेशनिष्ठ झाड ठरवलं. त्यांनी कुकुईला खाली उतरवलं नाही. नवीन रकाना काढला. कुकुईच्या बाजूने भावना होत्या, त्या दुखावल्या नाहीत. भांडण टळलं. दुसरं, त्या घोषणेच्या कितीतरी आधीपासून रानात जाणाऱ्यांचे बूट घासायचे ब्रश आणि सत्तर टक्के अल्कोहोलचे फवारे वाटांच्या तोंडाशी बसवलेले होते. बुरशी माती आणि जखमेतून पसरते, म्हणून बूट आणि हत्यारं पुसा, लाकूड बेटावरून बेटावर नेऊ नका, हे लोकांच्या अंगवळणी पाडायचं काम चालू होतं. हुला हा तिथला पारंपरिक नाच करणाऱ्यांना ओहियाची फुलं-पानं हारांत वापरताना हात आखडता घ्यायला सांगितलं गेलं. हे सोपं नाही. आपल्याकडे गणपतीत दूर्वा वापरू नका असं सांगण्यासारखंच ते आहे. घोषणा या कामाच्या वर ठेवलेला झेंडा होती. खाली डोंगर आधी रचलेला होता.

(अमेरिकेतल्याच केंटकी राज्याने १९७६ मध्ये कॉफी ट्री नावाचं झाड राज्यवृक्ष केलं आणि १९९४ मध्ये ते काढून ट्यूलिप पॉप्लर आणलं. एकाला उतरवून दुसऱ्याला बसवलं की तिसरा येऊन दुसऱ्याला उतरवतो. म्हणून आंब्याला हात लावू नका. आणि कोकणात राहून आंब्याच्या विरोधात अर्ज करायचा म्हणजे तुमच्या धाडसाला सलाम.)

आपल्याकडेही असंच एक काम झालं आहे. ऑगस्ट २०२० मध्ये महाराष्ट्राने पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्ष ठरवलं. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. चिप्पी तुम्ही पाहिलीच असेल. खाडीच्या तोंडाकडे, समुद्राच्या बाजूला, चिखलातून शंकूसारखी मुळं वर काढून उभी असते. फूल रात्री उमलतं, सकाळी होडी घालून गेलात तर खाली पडलेले पांढरे केसर तेवढे दिसतात. फळ हिरवं, चपटं, चांदणीच्या आकाराच्या बैठकीवर बसवल्यासारखं. एकदा पाहिलं की परत चुकत नाही. मानचिन्हाला हे फार महत्त्वाचं आहे, हे लक्षात ठेवा.

पण क्रम पाहा. खारफुटी १९६४ च्या अनुसूचीत होती. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीवर आणि भरावावर बंदी घातली. २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला, म्हणजे माणसं, बोटी आणि पैसा आला. वेंगुर्ल्यात बचतगटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवून चार पैसे कमवू लागल्या. चिप्पीची घोषणा त्यानंतर झाली. ती उपयोगी ठरली, कारण ती ज्या खुंटीला टांगायची ती खुंटी आधीच भिंतीत पक्की ठोकलेली होती.

पापलेटचंही असंच. २०२३ मध्ये राज्यमासा झाला तेव्हा आमच्याकडे सगळे हसले, ताटातला मासा आता भिंतीवर लागणार म्हणून. पण त्याच सुमारास लहान मासे पकडू नयेत म्हणून किमान आकाराचे नियम आले. बंदरावर ते किती पाळले जातात तो वेगळा विषय. तरी मान आणि मोजपट्टी एकाच वेळी आली, हे बरं झालं.

गोव्याची गंमत शेजारची म्हणून सांगतो. २०१६ मध्ये तिथे कायदा बदलून माड हे 'झाड' नाही असं ठरवलं गेलं, म्हणजे तोडायला परवानगी नको. मोठा आरडाओरडा झाला. २०१७ मध्ये नव्या सरकारने माडाला परत झाड केलं आणि त्यावर राज्यवृक्षाचा मुकुटही चढवला. माड काही धोक्यातलं झाड नाही. पण व्याख्येतला एक शब्द किती करू शकतो आणि मुकुट किती करू शकतो, यातला फरक या एका वर्षात दिसला.

मान उलटतो कसा, तेही सांगायला हवं. चंदनाचं घ्या. टिपू सुलतानाने १७९२ मध्ये चंदन राजवृक्ष ठरवलं. पुढे इंग्रजांनी आणि मग राज्य सरकारांनी तीच पद्धत चालू ठेवली: झाड कुणाच्याही शेतात उगवो, मालक सरकार. चोरी झाली तर जाब शेतकऱ्याला. शेतकऱ्याने काय केलं असेल? बांधावर चंदनाचं रोप दिसलं की उपटून टाकलं. त्यात त्याचा दोष नाही, त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. कर्नाटकात २००१ मध्ये कायदा बदलून मालकाला हक्क मिळाला आणि मग लोक चंदन लावू लागले. चंदन कर्नाटकचा राज्यवृक्ष आहे, पण शेतात चंदन दिसायला लागलं ते मालकी मिळाल्यावर. त्रिपुराचा राज्यवृक्ष अगर. रानातला अगर सुगंधी लाकडासाठी इतका तोडला गेला की आययूसीएन त्याला अतिसंकटग्रस्त म्हणतं. पण त्रिपुरात घराच्या अंगणात आणि मळ्यात अगर लावलेला दिसतो, कारण तो विकता येतो. तिथे दर्जा आणि बाजार निदान एका दिशेने चालले आहेत.

आता तुमची तीन झाडं.

नरक्या नको. अगदी स्पष्ट सांगतो. त्याच्या फुलांना घाण वास येतो म्हणून हे नाव पडलं, काही भागात अमृताही म्हणतात. झाड दिसायला साधं, सावलीत वाढणारं, फारसं उंचही नाही. त्याच्या खोडात आणि मुळात कॅम्प्टोथेसिन असतं, ज्यापासून कर्करोगाची औषधं बनतात. हे रसायन आधी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून वेगळं केलं गेलं आणि १९७२ मध्ये भारतीय संशोधकांनी ते नरक्यात असल्याचं दाखवलं. त्यानंतर सह्याद्रीत काय झालं ते तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ठेकेदार आले, गावकऱ्यांनी किलोवर लाकूड विकलं, मुळासकट उपटलं. मी एका घाटाखालच्या गावात गेलो होतो. तिथे एका आजोबांनी मला बोट दाखवून सांगितलं, "ह्या पऱ्याक पूर्वी नरक्याच नरक्या होतो." मी संध्याकाळपर्यंत त्या ओढ्याच्या दोन्ही काठांनी फिरलो. बोटाएवढ्या जाडीची सहा झाडं सापडली. मी ती जागा नोंदवहीत लिहिताना ओढ्याचं नाव लिहिलं नाही. अशा झाडाचं पोस्टर राज्यभर लावायचं म्हणजे न ओळखणाऱ्यालाही ओळखायला शिकवायचं. नरक्याला दर्जापेक्षा लागवडीचं मार्गदर्शन आणि अनुसूचीतली जागा द्या. पानं आणि फांद्या घेऊन झाड ठेवता येतं का यावर काम करणाऱ्यांना मदत करा.

सीता अशोक. सुंदर झाड, आययूसीएनच्या यादीत असुरक्षित, सालीसाठी सोललं जातं. पण उत्तर प्रदेशाचा राज्यवृक्ष आधीच अशोक आहे आणि ओडिशाचं राज्यपुष्पही अशोकाचंच. ते चालून जाईल, पण खरी अडचण वेगळी आहे. लोकांना अशोक म्हटलं की बंगल्यांच्या कुंपणाला रांगेने उभं असलेलं सरळसोट झाड डोळ्यासमोर येतं. तो खोटा अशोक, म्हणजे आसुपालव. एका शाळेने माझ्याकडून सीता अशोकाची माहिती घेतली, वृक्षदिंडी काढली, भाषणं झाली आणि मैदानाच्या कडेने चाळीस आसुपालव लावले. दुसऱ्या एका रोपवाटिकेतून स्वस्त मिळाले म्हणून. मी काही बोललो नाही, मुलं पाणी घालत होती. औषधाच्या बाजारातही हीच भेसळ चालते, सीता अशोकाच्या सालीत आसुपालवाची साल. सीता अशोक राज्यवृक्ष झाला तर पहिल्या पावसाळ्यात राज्यभर लाखभर आसुपालव लागतील, यावर मी पैज लावायला तयार आहे.

रानजायफळ. इथे आधी नाव नीट करून घ्या. कोकणात या नावाने निदान दोन वेगळी झाडं चालतात. एक, ज्याच्या फळातली पत्री रामपत्री म्हणून मसाल्याच्या बाजारात जाते, मिरिस्टिका मलबारिका. दुसरं, पाणथळ जागेतलं मिरिस्टिका मॅग्निफिका, जे संकटग्रस्त आहे आणि ज्याची मुळं चिखलाच्या वर दिसतात. तुमच्याच जिल्ह्यात, दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथे अशा पाणथळ जायफळाच्या राईला २०२१ मध्ये जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. हा दर्जा जैविक विविधता कायदा, २००२ खालचा आहे, त्याला कायद्याचा आधार आहे. जागा देवराईची, लोकांनी देवाच्या धाकाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेली. मला विचाराल तर ज्या झाडाचा जीव एका ओहोळात अडकला आहे, त्याला राज्याचा मान मिळून काही होत नाही. तो ओहोळ वळवला, वर कुणी रबर लावण्यासाठी डोंगर साफ केला की मॅग्निफिका गेलं. जागा वाचवली की झाड आपोआप वाचतं.

शिवाय हे झाड राज्यभर लावताच येत नाही. बी ताजं असेपर्यंतच जिवंत. मी पहिल्यांदा रामपत्रीचं बी आणलं तेव्हा कागदाच्या पिशवीत ठेवून दहा दिवसांनी पेरलं. एकही रुजलं नाही. फोडून पाहिलं तर आत आवळून सुकलेलं होतं, कानाशी हलवलं की खुळखुळ वाजायचं. आता फळ फुटलेलं असतानाच गोळा करतो, पत्री काढतो, ओल्या वाळूत आडवं ठेवतो आणि त्याच आठवड्यात पिशवीत लावतो. उगवायला महिना-दीड महिना जातो. धनेश पक्षी हे काम फुकट करतो, फळ गिळतो, बी दूर जाऊन टाकतो, तेही ताजंच. हे झाड नागपूरला किंवा बीडला पाठवून वृक्षदिंडी करायची कल्पना सोडून द्या.

मग कोणतं? तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. बिवळा. कोकणात बिवळा किंवा असणा, काही ठिकाणी बिबळा, विदर्भात बिजा. (ऐनालाही काही भागांत असना म्हणतात, म्हणून अर्जात शास्त्रीय नाव घाला: टेरोकार्पस मार्सुपियम.) आययूसीएनच्या यादीत ते संकटाच्या उंबरठ्यावरच्या गटात आहे. तुमच्या तिघांइतकं बिकट नाही, हे मान्य. पण सावंतवाडीपासून गडचिरोलीपर्यंत राज्याच्या दोन्ही टोकांना लोक त्याला ओळखतात, आणि दोन्हीकडे त्याच्यासाठी हळहळतात. दारं, चौकटी, बैलगाड्या यासाठी मोठी झाडं तुटली. त्याच्या लाकडाचे पेले मधुमेहावर गुणकारी म्हणून जत्रेत विकले जातात. रात्री पाणी भरून ठेवलं की सकाळी निळसर-पिवळी झाक येते. गुणाची हमी मी देत नाही, पण पेला पाहून मुलं झाडाचं नाव विसरत नाहीत. खोडाला कोयत्याची खाच पडली की लालभडक डिंक वाहतो, रक्तासारखा. पिवळ्या फुलांचा घमघमाट असतो. आणि शेंग तर नाण्यासारखी गोल, भोवती पापडासारखी पातळ झालर. ओळखायला चिप्पीइतकंच सोपं.

ते १९६४ च्या अनुसूचीत आधीच आहे, म्हणजे तोडीचा कागद आहे. अडचण आहे नवी पिढी न येण्याची. रोप जमिनीतून वर येतं, वणव्यात किंवा गुरांच्या तोंडी जातं, परत फुटतं, परत जातं. पाच-सहा वर्षं ते गुडघ्याच्या वर येत नाही. शेंग इतकी चिवट असते की आतलं बी बाहेर यायला वेळ लावतं आणि तोवर किडा आत शिरतो. शेंगांची झालर मी कात्रीने कापतो, मधला टणक भाग शेणकाल्यात दोन दिवस भिजवतो, वाळवतो, परत भिजवतो. शंभर शेंगांमागे तीस-पस्तीस रोपं मिळाली की मी खूश असतो. म्हणजे या झाडाला हवं आहे ते बी गोळा करणारे हात, रोपवाटिका आणि पाच-सहा वर्षं वणव्यापासून राखण. या गोष्टी सरकारी मान मिळाल्यावर खरोखर मागता येतात, कारण राज्यवृक्षाच्या नावाने दर रोपवाटिकेने ठराविक रोपं करावीत असा आदेश निघू शकतो. धोक्याचं कारण आणि दर्जाने मिळणारं बळ इथे एकमेकांना भेटतं. नरक्याच्या बाबतीत ते भेटत नाही.

आता अर्ज. राज्याची मानचिन्हं ठरवणारा वेगळा कायदा महाराष्ट्रात नाही, ती शासन निर्णयाने ठरतात. चिप्पीचा विषय राज्य वन्यजीव मंडळासमोर गेला होता, ज्याचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात. तुमचा कागद वनविभागाकडे, नागपूरच्या प्रधान मुख्य वनसंरक्षकांच्या कार्यालयाकडे जाईल. एक प्रत राज्य जैवविविधता मंडळाला द्या, तेही नागपूरलाच. त्याआधी निदान वीस-पंचवीस ग्रामपंचायतींच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांचे ठराव जोडा, आणि त्यातले निम्मे विदर्भातले असू द्या. एका जिल्ह्याची मागणी म्हटली की फाईल कोपऱ्यात जाते.

अर्जात आंबा बदला असं लिहू नका. 'राज्य वारसा वृक्ष' असा नवा रकाना मागा, हवाईसारखा आणि आपल्याच कांदळवन वृक्षासारखा. आणि मुख्य म्हणजे घोषणेच्या त्याच शासन निर्णयात काय काय असावं तेही लिहा: बीजवृक्षांची जिल्हावार यादी, त्या झाडांना क्रमांक आणि राखणदार, रोपवाटिकांचं वार्षिक उद्दिष्ट, लावलेल्या रोपांची पाच वर्षांनंतरची मोजणी, कारण पहिल्या वर्षीची मोजणी सगळेच दाखवतात, आणि शेतकऱ्याने बांधावर लावलेला बिवळा त्याचाच राहील, तोडायची परवानगी सुटसुटीत मिळेल, अशी एक ओळ. ही शेवटची ओळ अधिकारी खोडायला बघतील. चंदनाचं उदाहरण तेव्हा समोर ठेवा. सोबत १९६४ च्या अनुसूचीत नरक्या आणि सीता अशोक घालण्याची स्वतंत्र मागणी करा. वेगळा कागद, वेगळी सही, म्हणजे एक अडला तर दुसरा अडत नाही.

बिवळ्याच्या शेंगा थंडीच्या अखेरीस पिकून तपकिरी होतात, साधारण जानेवारी ते मार्च. तुमच्या आसपासची पंधरा-वीस मोठी झाडं आत्ताच हेरून ठेवा, कारण शेंगा पडल्यावर त्या पाचोळ्यात सापडत नाहीत आणि सापडल्या तर किडलेल्या असतात. एकाच झाडाखालचं बी भरू नका, प्रत्येक झाडाची पिशवी वेगळी आणि त्यावर गावाचं नाव. भिजवायच्या आधी शेंगा उन्हात धरून पाहा, बारीक छिद्र असेल तर ती टाकून द्या. उरलेल्यांतून शंभरेक रोपं पावसाळ्यापर्यंत तयार झाली तर अर्जासोबत त्यांचे फोटो आणि कुठल्या झाडाची किती उगवली याचा तक्ता जोडा.